जुन्या मिलिंगला सीएनसी केलं, आता हाताची चाकं लावायची आहेत : पेंडंट घ्यावं की जुन्या हँडलच्या जागीच?

आर्वी_वर्कशॉप

नमस्कार मंडळी. आर्वीजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. जिनिंग आणि डाळमिलचे सुटे भाग, ट्रॅक्टरची हाऊसिंग, बोअरवालेही अधूनमधून काहीबाही घेऊन येतात. नी-टाइप जुनी मिलिंग होती. तिच्या एक्स आणि वायला ५ मिमी पिचचे (एका फेऱ्याला ५ मिमी सरक) बॉलस्क्रू अन् क्लोज्ड-लूप स्टेपर बसवले, वर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं. प्रोग्राम लावला की मशीन बिनबोभाट चालते.

घोडं अडलं ते काकांपाशी. उभा जन्म त्यांचा मिलिंगवर गेला. कीबोर्डच्या बाणांवर टेबल सरकवायचं म्हटलं की ते चहा प्यायला निघून जातात. आणि आमची निम्मी कामं एकेका नगाची असतात : एक की-वे, दोन भोकं, एक फेस. त्याच्यासाठी प्रोग्राम लिहीत बसलो तर गिऱ्हाईक दारात उभं राहते.

म्हणून ठरवलं की जुन्या हँडलच्या जागीच इलेक्ट्रॉनिक चाकं लावायची, एक्सचं एक अन् वायचं एक. फेऱ्याला १०० क्लिकचं चाक आणून आधी एक्सला जोडून पाहिलं. गुणकाचा खटका ×१० वर असला की झकास. ×१०० वर जोरात फिरवलं की हात काढला तरी टेबल चालतच राह्यते. एज फाइंडरचं (जॉबची कड शोधायचं साधन) टोक त्यातच वाकलं. काका म्हणाले, "हे मशीन मायं आयकत नाई," अन् एप्रन काढून ठेवला.

चाकात खोट आहे की माझ्या सेटिंगमध्ये? आणि मुळात जागेवरची चाकं बरी की हातात धरायचं पेंडंट?

बुटीबोरी_सेटर

पेंडंट घ्या, विषय संपला. सगळ्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) तेच असतं. एक चाक, अक्ष निवडायचा एक खटका, ×१ ×१० ×१०० चा दुसरा. जॉबजवळ वाकून, डोळा कटरवर ठेवून चाक फिरवता येतं. जागेवरच्या चाकाला हात लावायचा तर डोकं तिथून हलतं.

हात काढल्यावर चालत राहण्याचं म्हणाल तर त्यात नवल काही नाही. फॅनक कंट्रोलरच्या पुस्तकातही स्पष्ट लिहिलंय की चाक सेकंदाला ५ फेऱ्यांपेक्षा जोरात फिरवू नका, नाहीतर टूल लगेच थांबणार नाही किंवा चाकावरच्या खुणा आणि प्रत्यक्ष सरक यांचा मेळ बसणार नाही.

सर्किट_अकोट

सेटरभाऊ, ५ फेऱ्या फॅनकच्या मशीनले. यायच्या मशीनची रॅपिड किती हाय ते तं इचारा आधी. आर्वीवाले, कमाल गती किती ठेवली?

आर्वी_वर्कशॉप

१२०० मिमी प्रति मिनिट. त्याच्या वर मोटर आवाज करते.

सर्किट_अकोट

मग हिशेब करा. १२०० म्हणजे सेकंदाले २० मिमी. ×१०० वर एका क्लिकले ०.१ मिमी, म्हणजे चाकाचा एक फेरा १० मिमीचा. काकायनं सेकंदाले तीन फेऱ्या अशा दोन सेकंद फिरवल्या तर मशीनले हुकूम गेला ६० मिमीचा. तेवढ्या वेळात टेबल चाललं ४०. उरलेली २० मिमीची उधारी ते हात काढल्यावर एक सेकंदभर फेडत बसते. चाक चांगलं हाय, वायरिंग चांगलं हाय. मशीन तुमचं शब्दशः आयकून राह्यली, ताबडतोब आयकत नाई इतकंच.

लिनक्ससीएनसीत याच्यासाठी जॉग-वेल-मोड नावाची पिन हाय (जॉग म्हणजे हातानं टेबल सरकवणं). ती शून्य असली की पोझिशन मोड : जितके क्लिक तितकं अंतर पुरं करणार, वेळ लागला तरी. ती एक केली की व्हेलॉसिटी मोड : चाक थांबलं की टेबल थांबते, राह्यलेलं अंतर सोडून देते. ती नुसती सेटिंग नाई, हॅलमधली, म्हणजे सिग्नल जोडायच्या थरातली, पिन हाय, म्हणजे चालू मशीनवर बदलता येते. गुणकाच्या खटक्याची ×१०० वाली तार जशी जॉग-स्केल (एका काउंटले किती मिमी) बदलते तशीच याही पिनले जोडा. ×१० वर पोझिशन मोड राहू द्या, कारण तिथं काका क्लिक मोजणार. ×१०० वर कोणी क्लिक मोजत नाई, तिथं व्हेलॉसिटी मोड.

बुटीबोरी_सेटर

हे बरोबर आहे. फॅनकमध्येही चाकाच्या जास्तीच्या पल्स किती साठवायच्या याचं पॅरामीटर असतं. शून्य ठेवलं की रॅपिडच्या वरच्या पल्स तो टाकून देतो.

मोर्शी_संत्रा

आमच्याकडे मॅक३ हे सॉफ्टवेअर आहे. त्यातही हाच पर्याय आहे, नाव फक्त वेगळं. सिंगल स्टेप, मल्टी स्टेप, व्हेलॉसिटी ओन्ली. चाक सोडलं की थांबायला हवं असेल तर शेवटचा.

आर्वी_वर्कशॉप

सर्किटभाऊ, लाख मोलाची गोष्ट सांगितली. जोडून पाहिलं. ×१०० वर आता हात थांबला की टेबल थांबते. काकांनी एप्रन परत चढवला.

पण एक नवीन लफडं. ×१० वर एका क्लिकला ०.०१ यायला पाहिजे, डीआरओवर (स्क्रीनवरच्या मापाच्या आकड्यात) ०.०४ येऊन राहिलं. आधी पाहण्यातच आलं नव्हतं. आणि होमिंगच्या (मशीनचा मूळ झीरो शोधण्याच्या) आधी चाक चालते, होमिंग झालं की मुकं.

सर्किट_अकोट

दोन्ही नेहमीचंच.

०.०४ काऊन : चाकातून ए अन् बी असे दोन चॅनेल येतात, एकमेकापासून पाव फेज सरकलेले. त्याच्यावरूनच तर मशीनले दिशा कळते. एका क्लिकमधी दोन्ही चॅनेल एकदा चढतात, एकदा उतरतात, अशा चार कडा. एन्कोडर चारही मोजते, म्हणून १०० क्लिकच्या चाकाचे ४०० काउंट होतात. एन्कोडरचं एक्स४-मोड बंद करा, नाई तं जॉग-स्केल चौथाई करा. मी दुसरं करतो. चार काउंट मिळून एक क्लिक असला की चाल जरा मऊ होते.

यावरून मघाचा हिशेब बदलते बरं का. चौपट स्केल असेल तं काकायचा एक फेरा १० नाई, ४० मिमीचा होता. उधारी किती चढली असेल ते तुमीच पाहा.

होमिंगनंतर मुकं : लिनक्ससीएनसी २.८ पासून जॉइंट (एकेक मोटर) अन् अॅक्सिस वेगळे केले. होमिंगच्या आधी जॉइंटच्या जॉग-पिना चालतात, नंतर अॅक्सिसच्या. एन्कोडरचा काउंट दोन्हीले जोडा. स्केल, एनेबल, अन् ती वेल-मोडची पिन, सगळंच दोन्हीकडं.

अन् एक पाहून घ्या. चाक पॅरलल पोर्टवर असेल तं एन्कोडरचं काउंटर अपडेट बेस थ्रेडमधी, म्हणजे सगळ्यात जलद चक्रात, पाहिजे. सर्व्हो थ्रेड मिलिसेकंदाले एकदा पाह्यते, सेकंदाले हजार वेळा. काका ५ फेऱ्यांनी फिरवतील तेव्हा २००० कडा येतात सेकंदाले. निम्म्या तिथंच सांडतील.

आयटीआय_मास्तर

धागा चांगला चाललाय, पण वायच्या चाकाबद्दल कोणीच बोललं नाही. ते जोडायच्या आधी हे वाचा.

हाताच्या मिलिंगवर टेबलाच्या उजव्या टोकाचं हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवलं की टेबल आपल्यापासून दूर, म्हणजे डावीकडे जातं. टेबल डावीकडे गेलं म्हणजे कटर जॉबवर उजवीकडे आला. सीएनसीच्या भाषेत हा एक्स प्लस. इथपर्यंत ठीक.

आता समोरचं हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवा. सॅडल आपल्यापासून दूर, कॉलमकडे जाते. म्हणजे कटर जॉबवर आपल्याकडे आला. हा वाय मायनस. आणि सीएनसी पेंडंटवर घड्याळाची दिशा सगळीकडे प्लस धरतात. सरळ जोडलं तर काकांच्या हाताला वाय उलटा लागेल, आणि जन्मभराची सवय असलेला हात घाईच्या वेळी नेमका सवयीनेच फिरतो. जॉब कॉलमच्या बाजूने कटरला चिकटलेला असेल तर काका सोडवायला जातील आणि अजून आत घुसवतील.

जागेवरची चाकं लावणार असाल तर वायचं जॉग-स्केल ऋण ठेवा.

बुटीबोरी_सेटर

मास्तर, इथे मात्र जमणार नाही आपलं. उद्या काकांच्या जागी कोणी पोरगं आलं, किंवा यांच्याकडचं पोरगं बुटीबोरीला नोकरीला गेलं, तर? सगळीकडे चाक उजवीकडे फिरवलं की प्लस. एकाच माणसासाठी मशीन उलटं करायचं नसतं.

आयटीआय_मास्तर

पोरगं बुटीबोरीला जाईल तेव्हा त्याच्या हातात पेंडंट असेल. पेंडंटवर प्लस म्हणजे प्लसच ठेवा, त्यात वाद नाही. पण मशीनच्या अंगावर, जुन्या हँडलच्या जागी, त्याच उंचीला लावलेलं चाक जुन्या हँडलसारखंच वागलं पाहिजे. आमच्या वर्कशॉपात पोरं आधी हाताची मिलिंग शिकतात आणि मग सीएनसीवर जातात. त्यांचा घोटाळा कधी पेंडंटवर होत नाही, कारण पेंडंट हँडलसारखं दिसतच नाही.

हिंगणघाट_यंत्रकन्या

मास्तरांशी सहमत. मी जिथे काम करते तिथे टूलरूममध्ये प्रोटोट्रॅक कंट्रोलची मशीन आहे. तिला एक्स-वायची चाकं जागेवरच आहेत आणि हाताच्या मिलिंगवरून आलेली माणसं तिच्यावर पहिल्याच दिवशी बसतात. तिच्यात आणखी एक गंमत आहे : प्रोग्राम लावून चाक फिरवलं की मशीन प्रोग्रामचा मार्ग चाकाच्या वेगाने चालते. चाक थांबवलं की थांबते, उलटं फिरवलं की मागे येते. पहिल्या नगाला याच्यासारखं सुख नाही.

तुमसर_राईसमिल

मी हे इलेक्ट्रॉनिक चाक वगैरे काही केलं नाही जी. दोन्ही बाजूला शाफ्ट निघालेली स्टेपर घेतली अन् मागच्या शाफ्टवर जुनंच हँडल ठोकलं. ड्राइव्ह बंद केला की हाताची मिलिंग, चालू केला की सीएनसी. खर्च शून्य.

हिंगणघाट_यंत्रकन्या

दादा, ते हँडल आजच काढा. आर्वीच्या मशीनचाच आकडा घ्या. १२०० मिमी प्रति मिनिट, ५ मिमी पिच, म्हणजे स्क्रू मिनिटाला २४० फेरे. लोखंडी मुठीचं हँडल २४० आरपीएमने तुमच्या पोटाच्या उंचीला फिरत असतं, तेही प्रोग्राम म्हणेल तेव्हा, न सांगता. खांद्यावरचा दुपट्टा, सैल बाही, काहीही ओढून घेईल. शिवाय मूठ एका बाजूला असल्याने तोल नाही, मोटर त्या वजनाने हिसके देते. ठेवायचंच असेल तर मूठ आत दुमडणारं किंवा गुळगुळीत गोल चाक ठेवा.

आणि ड्राइव्ह बंद करून हाताने फिरवलं की कंट्रोलरला पत्ताच नसतो टेबल कुठे गेलं ते. परत चालू केल्यावर झीरो कुठला धरणार?

तुमसर_राईसमिल

झीरो परत घेतो. पण दुपट्ट्याची गोष्ट बरोबर आहे ताई. मूठ काढून टाकतो.

चांदा_बेचाळीस

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. सकाळी घेतलेला झीरो दुपारी हलतो. अॅल्युमिनियमचा ३०० मिमीचा जॉब २० अंशांनी तापला तर स्टीलपेक्षा ०.०७ मिमी जास्त वाढतो. चाकानं मायक्रॉन मोजून काय उपयोग, आधी कूलर लावा.

सर्किट_अकोट

चांदावाले, आकडा बरोबर हाय, पण याच्यावर वेगळा धागा काढा ना राजेहो. इथं वायचं चाक अजून जोडायचं हाय.

आर्वी_वर्कशॉप

वायचं चाक जोडलं, मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे उलटं. काकांना न सांगता जोडलं होतं. त्यांनी बसून दोन-चार मिनिटं फिरवलं आणि दिशेबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणजे बरोबर असावं.

आता तक्रार ×१ ची. क्लिक केलं तर काहीच होत नाही. आणखी एक-दोन केले तर कधी हलते, कधी नाही. डायल लावून पाहिली. काटा गप्प बसतो अन् मग एकदम उडी मारतो. ड्राइव्हवर २००० पल्स प्रति फेरा लावले आहेत.

सर्किट_अकोट

२००० पल्सले ५ मिमी. म्हणजे मिमीले ४०० पल्स, एक पल्स २.५ मायक्रॉन. ×१ चं क्लिक १ मायक्रॉनचं. मशीनचं पाऊलच अडीचचं, तं एका क्लिकनं ते उचलन कसं? पाच क्लिक झाले की दोन पावलं पडतात. स्क्रीनवर प्रत्येक क्लिक दिसते कारण स्क्रीन हुकूम दाखवते.

त्याच्यावर काटा उडी मारते त्याचं कारण वेगळं. स्टेपर मायक्रोस्टेपवर एक-दोन पल्सनं फार कमी जोर लावते. जुना स्लाइड, गिब (स्लाइडमधली पट्टी) घट्ट, तेल सुकलेलं. मोटर स्प्रिंगसारखी ताणली जाते अन् घर्षण तुटलं की टेबल एकदम सरकते. ड्राइव्हवर पल्स वाढवून हे जात नाई. आकडा बारीक होते, टेबल नाई.

माझं म्हणाल तं ×१ काढूनच टाका. खटक्याच्या तीन जागा ०.००५, ०.०५ अन् ०.१ अशा लावा. ०.००५ म्हणजे बरोबर दोन पल्स, दरेक क्लिकले टेबल दोन पावलं चालन. गिब ढिले करून तेल दिलं की डायलवरही दिसन.

बुटीबोरी_सेटर

०.०१ ठेवा ना मधे. ०.०५ कोणी मोजत नाही. आणि ०.०१, ०.१ असं १० च्या पटीत असलं की डोक्यात हिशेब राहतो.

सर्किट_अकोट

ठेवा. ०.००५, ०.०१, ०.१. चालन.

आर्वी_वर्कशॉप

तेच लावतो.

मास्तर, एज फाइंडरने मध्य काढताना मध्य चुकतो. जॉबच्या डाव्या कडेला लावतो, उजव्या कडेला लावतो, बेरजेच्या निम्मे करतो. मग पपी डायल (बारीक टोक टेकवून मापायची डायल) फिरवून पाहिली तर मध्य ०.०४ ने सरकलेला. हाताच्या मिलिंगवर काकांचं असं कधी होत नव्हतं.

आयटीआय_मास्तर

एक्सला प्ले (दिशा उलटताना वाया जाणारी मोकळी सरक) किती आहे ते आधी मोजा. टेबलाला डायल टेकवा, चाक एका दिशेने फिरवत काटा चांगला हलू द्या, मग शून्य करून उलटं फिरवा. काटा हलायच्या आधी डीआरओवर जेवढं अंतर गेलं तेवढा तुमचा प्ले. माझा अंदाज ०.०८ येईल.

कारण असं. डाव्या कडेला फाइंडर प्लस दिशेने येतो, उजव्या कडेला मायनस दिशेने. दुसऱ्या वाचनात अख्खा प्ले मिसळतो आणि निम्मे केल्यावर निम्मा प्ले मध्यात उतरतो. ०.०८ चा निम्मा ०.०४. बॉलस्क्रू नवीन असला तरी त्याच्या टोकाचं बेअरिंग, कपलिंग, नटचं ब्रॅकेट, सगळीकडून थोडंथोडं येतं. क्लोज्ड-लूप स्टेपर याला उपाय नाही. त्याचा एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर बसतो, टेबल त्याला दिसत नाही.

काकांचं आधी का चुकत नव्हतं? हँडल उलटं फिरवताना स्क्रू मोकळा फिरतो आणि मग जड लागतो, ते त्यांच्या मनगटाला कळायचं. तेवढा भाग डायलवरून आपोआप सोडून द्यायचे. इलेक्ट्रॉनिक चाक दोन्ही दिशांना सारखंच टकटक करतं. त्यामागे टेबल आहे की नुसतीच हवा, हे ते सांगत नाही. कटर बोथट झाला, जॉब व्हाइसमध्ये हलला, यातलं काहीही आता हाताला लागणार नाही. कान आणि डोळे त्या जागी ठेवावे लागतात.

आता एज फाइंडरचं. १० मिमी टोकाचा धरून सांगतो. स्पिंडल सहाशेच्या आसपास. ०.१ वर कडेजवळ जा, पण टेकवू नका. मग ०.०१ वर या. खालचं टोक आधी डगमगतं, कडेला लागलं की डगमग कमी कमी होत जाते. टोक आणि शाफ्ट एकाच रेषेत फिरल्यासारखे दिसले की एक-एक क्लिक करा, मधे थांबत. एका क्लिकला टोक झटक्याने बाजूला सरकतं. तोच क्षण. लगेच हात काढा, तिथेच एक्सला −५.००० लिहा, डावी कड असेल तर. मग झेड वर घ्या आणि नंतरच बाजूला सरका. घाईत बाजूला सरकताना दिशा चुकली तर टोक वाकतं. तुमचं वाकलं ते चाकाच्या उधारीने, पण पोरांची बहुतेक इथे वाकतात.

मध्य काढायचा असेल तर फाइंडर सोडा. पपी डायल स्पिंडलला लावा, स्पिंडल हाताने फिरवत दोन्ही बाजूंचं वाचन सारखं होईपर्यंत टेबल सरकवा. शेवटची सरक नेहमी एकाच दिशेने. जास्त झालं तर मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने या. यात प्ले किती आहे याचा प्रश्नच येत नाही, कारण डीआरओचा आकडा तुम्ही वापरतच नाही.

आणि एक : पैसे असतील तर एक्स-वायला लिनिअर स्केल लावून वेगळा डीआरओ बसवा. ५ मायक्रॉनचे पुरतात. काका स्क्रीनकडे बघणारच नाहीत, त्याच्याकडे बघतील.

आर्वी_वर्कशॉप

मोजलं. ०.०७ आला. बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (प्लेची सॉफ्टवेअरमधून भरपाई) टाकून ठेवू का?

आयटीआय_मास्तर

आधी बेअरिंगचा लॉकनट घट्ट करून पाहा आणि नटचं ब्रॅकेट हलतं का बघा. जे उरेल तेवढंच कॉम्पेन्सेशनमध्ये. जागेवर जाण्यासाठी ते चालतं. पण कटर जॉबला खेचत असेल, म्हणजे क्लाइम्ब कट असेल, तर टेबल त्या प्लेमध्ये पुढे ओढलं जातं आणि तिथे आकडा टाकून काही होत नाही.

परतवाडा_पॉवर

मध्येच विचारतो. स्पिंडलचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू केला की चाकाला हात न लावता माझं टेबल एखाद-दोन क्लिक सरकते. आर्वीवाल्यांना होत नाही का?

सर्किट_अकोट

त्यायची स्पिंडल जुन्या पट्ट्यावर हाय बहुतेक, व्हीएफडी नाई.

तुमचं चाक चार टर्मिनलचं असन : ५ व्होल्ट, शून्य, ए, बी. अशा तारेत व्हीएफडीचा कचरा सरळ शिरते. सहा टर्मिनलचं घ्या, त्याच्यात ए अन् बीचे उलटे सिग्नलही येतात. समोर २६एलएस३२ सारखा रिसीव्हर लावला की दोन्ही तारांवर सारखा आलेला कचरा कटून जाते. केबल शील्डेड, जोड्या पीळ दिलेल्या, शील्ड एकाच टोकाले अर्थ करा. अन् व्हीएफडीपासून मोटरले जाणाऱ्या तारांसोबत त्याच पाइपातून नेऊ नका. लोक सगळं करतात अन् शेवटी केबल त्याच पाइपात टाकतात.

तोवर एक काम करा, अक्षाचा खटका वापर नसताना ऑफवर ठेवा. जॉग-एनेबल बंद असलं की कितीही कचरा आला तरी टेबल हलत नाई.

बुटीबोरी_सेटर

म्हणूनच पेंडंट म्हणत होतो. त्याला ऑफ असतं, आणि बाजूला दाबून धरायचं बटणही असतं. दाबलं तरच चाक चालतं. जागेवरच्या चाकाला कोणी कोपर लावला तर?

हिंगणघाट_यंत्रकन्या

हा मुद्दा मान्य. आर्वीवाले, दोन्ही चाकांसाठी मिळून एक एनेबलचा खटका लावा. प्रोग्राम चालू असताना चाकं मुकीच असावीत. लिनक्ससीएनसी ऑटोमध्ये तशीही जॉग घेत नाही, पण एक नग झाला आणि जॉब काढायला वाकलात की तिथे कोपर लागतोच.

बिनतारी पेंडंट घ्यायचा विचार असेल तर त्याच्यावरच्या लाल बटणाच्या भरवशावर राहू नका. स्वस्तातल्या पेंडंटचं लाल बटण रेडिओवरून सॉफ्टवेअरला निरोप पाठवतं, बॅटरी उतरली की निरोप जात नाही. सुरक्षेसाठी म्हणून बनवलेली बिनतारी चाकं असतात, हायडेनहाइनचं एचआर ५५० एफएस तसं आहे, पण ती आपल्या बजेटची नाहीत. मशीनवर तारेने जोडलेला, ड्राइव्हची पॉवरच तोडणारा इमर्जन्सी हवाच.

आर्वी_वर्कशॉप

इमर्जन्सी तारेचाच आहे, ड्राइव्हच्या कॉन्टॅक्टरवर. एनेबलचा खटका आज लावला, एक्सच्या चाकाच्या बाजूला.

सध्याचं सांगतो. एक्स-वायची चाकं जागेवर. गुणक ०.००५, ०.०१, ०.१. शेवटच्यावर व्हेलॉसिटी मोड. वाय उलटा. पॅरलल पोर्टच्या पाच इनपुटपैकी चार दोन चाकांत गेले, म्हणून दुसरं पोर्ट कार्ड टाकलं. त्याचे डेटा पिन इनपुट म्हणून वापरले, तर आणखी आठ मिळाले. झेडची क्विल (स्पिंडल खालीवर करणारी नळी) हातानेच ठेवली. काका म्हणाले, ड्रिल खाली जाताना लोखंड काय म्हणते ते हाताला कळलं पाहिजे, तिथे तुमची तार नको.

काल त्यांनी डाळमिलच्या शाफ्टचा की-वे एकट्यानं काढला, कीबोर्डला हात न लावता. ०.०१ वर क्लिक मोजत होते, ओठ हलवत.

एक राहिलं. त्यांना चाक फार हलकं लागते. १०० क्लिकची टकटक आहे, पण जड हँडलची सवय. वजनदार चाक मिळते का?

तुमसर_राईसमिल

लेथवर बिडाचं चाक करा जी, अन् चाकाच्या शाफ्टवर बसवा. माझं जुनं हँडल पडून आहे, मूठ काढलेलं. पाहिजे तर पाठवतो.

सर्किट_अकोट

जड चाक लावू नका. ते फिरतच राह्यते अन् क्लिकवर थांबत नाई. दोन क्लिकच्या मधी उभं राह्यलं की ए चॅनेल चालू-बंद, चालू-बंद करत राह्यते. हलकं पण व्यासानं मोठं चाक करा, अॅल्युमिनियमचं, दीड-पावणेदोनशे मिमीचं. बोटाले क्लिक लागन अन् हाताले माप मिळन.

बुटीबोरी_सेटर

आणि वायच्या चाकावर बाण काढा. प्लस कुठे, मायनस कुठे. मोठ्या अक्षरात.

आयटीआय_मास्तर

बाण काढा. टेबल कुठे जाईल त्याचा काढा, प्लस-मायनस नका लिहू.

बुटीबोरी_सेटर

दोन्ही लिहा मास्तर, जागा भरपूर आहे.